दूरक्षेत्रातला शुक्रवार

सकाळचे साडेनऊ वाजलेत. दोन कौलारू खोल्या, पुढं कडुनिंब, निंबाखाली जप्तीतल्या मोटारसायकलींचा ढीग. सगळ्यांत खालच्या गाडीच्या चाकातून घाणेरी उगवून हँडलापर्यंत पोचलीय. शेजारी वाळूचोरीत धरलेला ट्रॅक्टर, चारी टायर जमिनीला टेकलेले. हवालदार कुलूप काढतात, कपाटावरच्या गणपतीला उदबत्ती लावतात आणि मगच टोपी खुंटीला अडकवून खुर्चीत बसतात.

माणदेशातलं हे एक पोलीस दूरक्षेत्र. गावकरी याला चौकीच म्हणतात. मुख्य ठाणं इथून २६ किलोमीटर. इथं नुसतं एक दिवस बसायची परवानगी काढून मी आलोय. शुक्रवार मुद्दाम धरलाय, कारण आज आठवडी बाजार आहे.

भिंतीवरच्या फळ्यावर हद्दीतली १७ गावं आहेत. प्रत्येकापुढं लोकसंख्या, सरपंच, पोलीस पाटील आणि फोन नंबर. तीन गावांपुढं लाल टिकली आहे. तिथं जत्रेत पालखीच्या मानावरून डोकी फुटतात. दुसऱ्या भिंतीवर अधिकाऱ्यांची उतरंड छापलीय: पोलीस अधीक्षक, अपर पोलीस अधीक्षक, उपविभागीय पोलीस अधिकारी, ठाण्याचे प्रभारी अधिकारी. तक्ता तिथं संपतो. त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं बाण काढून लिहिलंय, ‘आम्ही’.

आम्ही म्हणजे मंजूर चार माणसं. एकाची बदली झालीय आणि त्याच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. एक शिपाई समन्स-वॉरंटं घेऊन तालुक्याला गेलाय. दुसरा बाजारातल्या बंदोबस्ताला. उरले हे हवालदार, या सतरा गावांचे बीट अंमलदार. शिपाई म्हणून भरती झाले, पुढं नाईक झाले. पोलीस नाईक ही मधली पायरी २०२२ साली सरकारनं काढून टाकली, तेव्हा त्यांच्या बाहीवर तिसरी फीत आली. नोकरीची अजून नऊ वर्षं आहेत. सहायक फौजदार होऊन घरी जायचं, एवढा हिशेब त्यांनी केलेला आहे.

“मेजर, चहा झाला का?”

स्कूटी निंबाला टेकवून एक बाई आत येते. डोक्याला स्कार्फ, हातात कापडी पिशवी. ही शेजारच्या गावची पोलीस पाटील. इकडं हवालदाराला मेजर म्हणायची रीत आहे आणि मेजर तिला पाटीलबाई म्हणतात.

“काल रात्री ओढ्याकडच्या विहिरीवरची केबल गेली. दीडशे फूट. मोटर हाय जागंवर.”

“तांब्यासाठी नेली. जाळल्याचा वास आला कुणाला?”

“माळावर राख हाय. आन् परवा एक भंगाराचा टेंपो दोनदा फिरला गावात. नंबर काढलाय मी.” ती मोबाइल पुढं करते. टेंपोच्या मागच्या पाटीचा फोटो, कोपऱ्यात तिच्याच शेळीचे कान.

मेजर नंबर उतरून घेतात, ठाण्याला फोन करतात, केबल ज्याची गेली त्याला फिर्याद द्यायला तिकडं पाठवा, असं पाटीलबाईला सांगतात. गुन्हा नोंदवायचा तो ठाण्यातल्या संगणकावर. दूरक्षेत्रात माणसाचं ऐकून घ्यायचं आणि पुढं धाडायचं.

या बाईला गणवेश नाही, काठी नाही. तिला नेमलंय तेही पोलिसांनी नाही, प्रांताधिकाऱ्यांनी. १८६७चा जुना कायदा बरोबर शंभर वर्षांनी बदलला आणि १९६७च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानं आजचा पोलीस पाटील आला. त्याआधी १९६२च्या कायद्यानं महसुली पाटलांची वतनं गेली होती. आता दहावी पास आणि गावचा रहिवासी असावं लागतं, नेमणूक मुदतीची असते. गावात काही विपरीत घडलं, कुणी संशयास्पद मेलं, भांडण पेटायला आलं, तर वर कळवणं हे तिचं काम. तपासाला आलेल्या पोलिसाला मदत करणं हेही तिचंच. म्हणजे नेमणूक महसूल खात्याची आणि राबणूक ठाण्याची. मानधन २०२४ साली ६,५०० वरून १५,००० झालं, तेही पगार म्हणून नव्हे. सतरा गावांत काय शिजतंय हे ज्यांना सगळ्यांत आधी कळतं, त्यांनाच सरकार मानधनावर ठेवतं. मला तरी हा हिशेब पटत नाही. पाटीलबाईची तक्रार मात्र वेगळीच आहे. गावात काहीजण अजून तिच्या नवऱ्याला ‘पाटील’ म्हणून हाक मारतात आणि तो ओ देतो.

अकराच्या सुमाराला दोघे चुलत भाऊ येतात. थोरल्याच्या कपाळाला टॉवेल गुंडाळलाय, त्यातून रक्त पाझरतंय. धाकटा दाराबाहेरच उभा राहतो.

“सायेब, ह्यानं ढकललं मला. बांधावरच्या दगडावर पडलो. गुन्हा दाखल करा.”

“बसा आधी. पाणी प्या.”

“बांध कोरतोय त्यो. दरसाली नांगराचं एक तास आत घेतोय.”

मेजर पंधरा मिनिटं ऐकतात. मध्ये एकदाही बोलत नाहीत. मग सांगतात, “हे बघा, आत्ता दिसतंय ते अदखलपात्र आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय मला त्याचा तपास करता येत नाही. डॉक्टरांनी हाड मोडलंय असं लिहिलं तर गोष्ट निराळी.”

थोरला टॉवेल वर करून जखम दाखवतो. “म्हंजे डोस्कं फुटलं तरी दखल न्हाई?”

या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, पण ते या माणसाला देण्यासारखं नाही. असा शब्द ज्यानं कुणी घडवला, त्याला एकदा या बाकावर आणून बसवायला हवं. मेजर काही न बोलता मेडिकल यादी लिहायला घेतात. यादी म्हणजे ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला पत्र: सोबतच्या इसमास तपासून जखमेचा दाखला द्यावा. जावक नंबर, तारीख, शिक्का.

“आणि बांध कुणाचा हे मी सांगू शकत नाही. भूमी अभिलेखकडं मोजणी मागा.”

“मोजणीची फी कोण भरणार?” दारातून धाकटा विचारतो. लगेच दोघांची पुन्हा जुंपते, या खेपेला फीवरून. पाटीलबाई हळूच मला सांगते की गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष धाकट्याचा सासरा आहे. १५ ऑगस्ट २००७ला तंटामुक्तीची मोहीम सुरू झाली तेव्हा वेशीवर रंगवलेला फलक अजून आहे. अक्षरं तेवढी उडालीत.

अखेर यादी घेऊन दोघे निघतात. गाडी एकच आहे. पुढं मारणारा, मागं मार खाणारा.

पावणेदोनला मेजर भाकरी मोडतात आणि फोन वाजतो. नऊ किलोमीटरवरच्या गावचा पोलीस पाटील आहे. विहिरीत माणूस दिसतोय. मेजर ठाण्याला कळवतात. साहेब दुसऱ्या बंदोबस्तावर आहेत, तुम्हीच पुढं व्हा, असं उत्तर येतं. भाकरी फडक्यात परत जाते. मी त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसतो.

विहिरीवर शे-दीडशे माणसं आहेत, पण काठावर कुणीच नाही. म्हाताऱ्या पोलीस पाटलानं वाटेत बैलगाडी आडवी लावलीय आणि स्वतः जोखडावर बसलाय. “पायाचं ठसं मोडू ने म्हनून,” तो म्हणतो. त्याला हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं, ते मी विचारत नाही.

चार दोर बांधून बाज खाली सोडतात. दोघे पोहणारे उतरतात. सत्तरीतला माणूस वर येतो, अंगातून पाणी गळतंय, डोळे अर्धे उघडे. बायकांचा आवाज एकदम उठतो आणि मेजर गाडीच्या सीटवर कागद ठेवून लिहायला लागतात. पंच पाहिजेत म्हटल्यावर पुढची रांग मागं सरकते. पंच होणं म्हणजे कोर्टाच्या तारखा, हे गावाला पक्कं ठाऊक आहे. पोलीस पाटील दोघांना नावानं हाक मारतो, तेव्हा ते येतात.

मेजर लिहिताना स्वतःशीच मोठ्यानं वाचतात. उंची, बांधा, अंगावरचा पांढरा सदरा, कमरेचा करगोटा, कुठं मार आहे का, पाठ, मान, हाताची नखं. मयताच्या मुलाला हळूच बाजूला बोलावून विचारतात; वडील कालपासून कुठं होते, कुणाशी काही बोलणं झालं होतं का. मुलगा सांगतो, न्हाई, काय न्हाई. मग मेजर पंचांकडं वळतात.

“मरणाचं कारण काय वाटतं तुम्हाला?”

“पाय घसरला आसंल,” पहिला म्हणतो.

दुसरा गप्प. मेजर थांबतात. पेन कागदावर टेकलेलं आहे. बऱ्याच वेळानं तोही मान डोलावतो. दोघांचं मत जसंच्या तसं उतरवलं जातं. त्यावर, आधीच लिहिलेल्या मजकुरात, हे वाक्य मी वाचलेलं आहे: ‘विहिरीच्या पूर्वेस काठापासून चार फुटांवर वापरत्या चपलांचा एक जोड, शेजारी शेजारी, टाचा विहिरीकडे.’ मेजर तेही खोडत नाहीत. शवविच्छेदनाला न्यायला गाडी यायला दीड तास लागतो. तो दीड तास ते मुलाशेजारी बसून काढतात. कुणी बोलत नाही.

बाजार कधी उठला ते कळलंही नाही. बाजारातला शिपाई संध्याकाळी सांगतो, एक पाकीट गेलं, एक पोर हरवलं नि मिरचीवाल्याच्या पालाखाली सापडलं, दारू पिऊन दोघे झोंबले त्यांना सोडवलं. रुग्णालयातून फोन येतो: दोन टाके, हाड शाबूत.

रात्री दहाला मेजर डायरी ओढतात. सकाळची केबल, टेंपोचा नंबर, यादीचा जावक क्रमांक, अकस्मात मृत्यूची वर्दी ठाण्याला दिल्याची वेळ. विहिरीची नोंद चार ओळींची, बांधाची दीड. चुलत भावांना उद्या दुपारी पुन्हा बोलावलंय, पण त्याची कुठं नोंद नाही. ते मला म्हणतात, “पेरणी व्हायची आहे अजून. तवर ह्यांना रोज इथं बसवलं तरी चालंल. शेतात गेले तर पुन्हा यादी लिहावी लागंल.” मग फडक्यातली दुपारची भाकरी बाहेर येते.

बाराला गस्त सुरू होते. शिपाई गाडी चालवतो, मेजर मागं. मी माझी गाडी त्यांच्यामागं घेतो. बाजारपेठ, देऊळ, दूधसंकलन केंद्र, मग पतसंस्था. तिच्या दाराला सुतळीनं एक वही बांधलेली आहे. मेजर बॅटरीच्या उजेडात वेळ टाकतात, दोन वाजून दहा मिनिटं, आणि सही करतात. पुढची वही चौदा किलोमीटरवरच्या गावात आहे.