घरच्या कढईतील चिनी भात

उपाहारगृहात मागविलेला चिनी पद्धतीचा परतलेला भात, ज्याला आता सर्वत्र फ्राइड राइस म्हणतात, ताटलीत येतो तेव्हा त्याचे शीत न् शीत निराळे असते. त्यावर तेलाचा तवंग नसतो, तरी तो घशाशी अडकत नाही. आणि त्याला एक हलका, किंचित धुरकट, खरपूस वास असतो. तोच पदार्थ घरी करावयास घेतला, भाजी तीच, सोया सॉस तोच, तांदूळही तोच, तरी पुष्कळदा कढईत तयार होतो तो तपकिरी रंगाचा ओलसर गोळा. मग पुढच्या खेपेस गृहिणी सॉस वाढविते, आणि भात अधिकच गिच्च होतो. साहित्य तेच असता परिणाम निराळा का व्हावा? याचे उत्तर सॉसच्या बाटलीत सापडत नाही. ते पाणी आणि उष्णता यांच्या हिशेबात आहे. हा हिशेब एकदा ध्यानी आला म्हणजे घरच्या शेगडीवरही हा भात उत्तम साधतो. शिवाय या पदार्थासाठी शिळा भात वापरण्याची जी रीत आहे, तीत गाफीलपणा झाल्यास प्रकृतीला अपाय होतो. म्हणून रुचीइतकेच आरोग्याच्या दृष्टीनेही त्याचे मर्म जाणून घेणे अगत्याचे आहे.

चिनी भाषेत या पदार्थाला ‘चाओ फान’ म्हणतात. ‘चाओ’ म्हणजे परतणे आणि ‘फान’ म्हणजे शिजविलेला भात. नावाप्रमाणेच पदार्थ साधा आहे, आणि त्याचे मूळ काटकसरीत आहे. आदल्या दिवशीचा उरलेला भात, एखादे अंडे, कांद्याची पात आणि घरात जे चार तुकडे असतील ते, एवढ्यावर चिनी कुटुंबाचे एक जेवण निभावते. महाराष्ट्रीय घरातील फोडणीच्या भाताचा जन्मही अशाच निकडीतून झालेला आहे. म्हणून या दोघांना दूरच्या भावंडांचे नाते लावण्यास हरकत नाही. चीनमध्ये या भाताचा सर्वांत नावाजलेला प्रकार म्हणजे च्यांगसू प्रांतातील यांगचौ या शहराच्या नावाने ओळखला जाणारा भात. त्यात अंडे, कोळंबी, खारवलेले मांस आणि वाटाणे असा थाट असतो. याच शहरात २०१५ साली चार हजार किलोंहून अधिक भात एकाच वेळी परतून जागतिक विक्रम करण्याचा घाट घालण्यात आला. परंतु त्यातील काही भात माणसांच्या मुखी न जाता डुकरांच्या खाद्यात गेला असे उघडकीस आले, आणि तो विक्रम अमान्य ठरला. अन्न वाया जाऊ नये म्हणून जन्मलेल्या पदार्थाच्या बाबतीत हा निवाडा उचितच म्हटला पाहिजे.

भारतात चिनी पाककला आली ती प्रामुख्याने कलकत्त्याच्या वाटेने. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे चिनी वस्ती होऊ लागली. पुढे टांगरा भागात कातडी कमावण्याचा धंदा करणाऱ्या हाक्का लोकांच्या वस्तीतून भारतीय जिभेला रुचणारे चिनी जेवण आकारास आले. आज गावोगावी नाक्यावर चायनीजची गाडी उभी असते. तिच्यावर ‘शेजवान’ नावाने मिळणारा लालभडक भात सिचुआन प्रांताचे नाव मिरवीत असला, तरी त्याची चटणी इकडच्याच मातीतील आहे. मात्र चिनी उपाहारगृह असो वा नाक्यावरची गाडी असो, एक गोष्ट दोन्हीकडे समान दिसते. ती म्हणजे कढईखाली फोफावणारी ज्वाळा.

त्या ज्वाळेचे काम नीट समजण्यासाठी पदार्थविज्ञानातील एक साधी गोष्ट आठवावी. पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून अधिक उष्णता त्याच पाण्याची वाफ करण्यास लागते. भाताच्या शितांवर ओल असेल, तर कढईला मिळणारी सारी उष्णता प्रथम ती ओल घालविण्यातच खर्ची पडते. पाणी आहे तोवर शिताच्या पृष्ठभागाचे तापमान शंभर अंशांच्या पलीकडे जात नाही. आणि ज्या रासायनिक क्रियेने अन्नाला खरपूस वास व तांबूस रंग येतो, ती क्रिया त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला वेग घेते. म्हणजे ओला भात कढईत परतला जात नाही, तो वाफवला जातो. वाफवलेल्या शितांचा पृष्ठभाग चिकट होतो, शिते एकमेकांस बिलगतात आणि पाहता पाहता गोळा तयार होतो.

उपाहारगृहातील शेगडी घरच्या शेगडीच्या सुमारे दहापट उष्णता देऊ शकते. त्यामुळे तेथे थोडीबहुत ओल असली तरी ती क्षणात उडून जाते. मात्र एवढ्या आचेवर भात स्वस्थ पडून राहिला तर तो जळून जाईल. म्हणून आचारी तो सतत हवेत उडवीत असतो. जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अमेरिकेतील संस्थेतील हुंगतांग को आणि डेव्हिड हू या संशोधकांनी व्यावसायिक आचाऱ्यांच्या हालचालींचे चित्रण करून २०२० साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कढई पुढेमागे सरकविणे आणि त्याच वेळी ती शेगडीच्या कडेवर टेकवून झोपाळ्यासारखी झुलविणे, अशा दोन हालचालींच्या मेळातून भात उसळतो, आणि अशा प्रत्येक आवर्तनास सुमारे एक तृतीयांश सेकंद लागतो, असे त्यांना आढळले. हवेत गेलेले शीत किंचित निवते, वाफ सोडते आणि पुन्हा तापलेल्या लोखंडावर येऊन पडते. या तापण्यानिवण्याच्या खेळातून जो सुगंध येतो, त्याला कँटनी बोलीत ‘वोक हेई’, म्हणजे कढईचा श्वास, असे मोठे सुंदर नाव आहे. हे कष्ट सोपे नव्हेत. चिनी आचाऱ्यांत खांदेदुखीचे प्रमाण मोठे आहे, आणि त्या अभ्यासामागील एक प्रेरणा तीच होती.

आता घरच्या शेगडीला ही ज्वाळा आणावी कोठून? ती आणता येत नाही, आणि आणण्याचे कारणही नाही. उष्णता दहापट वाढविता येत नसेल, तर तिच्यावरचा बोजा कमी करावा, हा खरा उपाय होय. तो दोन प्रकारांनी कमी होतो. भात आधीच कोरडा असावा, आणि एका वेळी कढईत थोडाच घालावा. चौघांचा भात एकदम परतण्याचा मोह हेच घरच्या फ्राइड राइसच्या अपयशाचे सर्वांत मोठे कारण असते. तोच भात तीन घाण्यांत परतला, तर प्रत्येक घाण्याला कढईची पुरी धग मिळते. या बाबतीत आपल्या स्वयंपाकघराला एक सोय परंपरेनेच लाभलेली आहे. खोलगट, गोल बुडाची लोखंडी कढई आणि गॅसची उघडी ज्योत ही जोडी चिनी ‘वोक’ला अगदी जवळची आहे.

तांदळाची निवडही महत्त्वाची. तांदळातील पिष्टाचे दोन घटक असतात. त्यांपैकी अ‍ॅमायलोज या घटकाचे प्रमाण अधिक असले म्हणजे भात मोकळा होतो, कमी असले म्हणजे मऊ व चिकट होतो. वरणभातासाठी ज्याची कीर्ती आहे तो सुवासिक आंबेमोहोर याच कारणाने येथे कामाचा नाही. जुना कोलम किंवा हैदराबादकडे नित्याच्या वापरातील सोना मसुरी चांगली. गोव्यातील उकड्या तांदळाचे शीत जाड खरे, पण ते घट्ट व मोकळे राहत असल्याने त्याचाही परतलेला भात चवदार होतो. बासमती चालतो, मात्र त्याची लांब शिते परतताना मोडू नयेत म्हणून हात हलका ठेवावा लागतो.

चौघांसाठी तीनशे ग्रॅम तांदूळ पुरे. ते तीन-चार पाण्यांत धुवावेत, म्हणजे वरचे सैल पिष्ट निघून जाते. मग मोठ्या पातेल्यात अडीच-तीन लिटर पाणी उकळून त्यात तांदूळ सोडावेत आणि शिताच्या पोटात नाममात्र कणी उरली असताना भात वेळून घ्यावा. वेळलेला भात परातीत पातळ पसरून पंख्याखाली ठेवावा. तासाभरात त्याची वाफ जाते, शितांवरची ओल आटते आणि बोटाला ते चिकटेनासे होते. या एका तासाने जे साधते, ते तासभर परतून साधत नाही.

आदल्या दिवशीचा भात या पदार्थाला उत्तम, असे जे म्हणतात त्यात तथ्य आहे. निवलेल्या भातातील पिष्टाची पुन्हा घट्ट बांधणी होते आणि शीत कणखर बनते. पण हा लाभ काळजीपूर्वक ठेवलेल्या भातापासूनच घ्यावा. कच्च्या तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजताना मरत नाहीत. भात उबदार हवेत तासन् तास पडून राहिला की ते अंकुरतात, त्यांची वाढ होते आणि त्यांतील काही जाती एक विष निर्माण करतात. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ब्रिटनमधील चिनी उपाहारगृहांतील फ्राइड राइस खाऊन अनेकांना वांत्या झाल्या, तेव्हा हे प्रकरण प्रथम ठळकपणे पुढे आले. थंड कपाटात भाताचे गोळे होतात म्हणून शिजलेला भात स्वयंपाकघरातच उघड्यावर ठेवण्याची तेथील रीत या उपद्रवाच्या मुळाशी होती. यातील भयंकर गोष्ट अशी की ते विष उष्णतेला दाद देत नाही. जंतू मरतील, पण विष राहील. म्हणून ‘भात चांगला कडकडीत परतला, आता काय होणार?’ हा समज खोटा आहे. भाताला वास आला नाही, म्हणजे तो निर्धोक आहे, असेही मानता येत नाही.

यासाठी नियम सोपा आहे. रात्रीचा उरलेला भात झाकून ओट्यावर ठेवू नये. तो ताटात पसरून लवकर निववावा, तासाभराच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रिज नसेल तर शिळ्या भाताचा नाद सोडून ताजा भात पंख्याखाली सुकविण्याचीच रीत पाळावी. चवीत त्याने काही उणे पडत नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत तर या बाबतीत तिळमात्र ढिलाई नको. मुले, वृद्ध व आजारी माणसे घरात असतील तेथे काटकसरीपेक्षा सावधगिरी श्रेष्ठ समजावी.

परतण्याची कृती मिनिटांची असल्याने सारी तयारी आधी हाताशी हवी. गाजर व फरसबी बारीक चिरून आणि मटार सोलून, सर्व मिळून दोनशे ग्रॅम घ्यावेत. लसणीच्या पाच-सहा पाकळ्या, कांद्याच्या पातीची एक जुडी आणि चालत असतील तर तीन अंडी ठेवावीत. भाज्या धुतल्यावर फडक्याने टिपून कोरड्या कराव्यात. कढईत पाणी त्यांच्याही वाटेने शिरते. मटार व फरसबी निबर असतील तर आधी वाफवून निथळून घ्यावीत. लोखंडी कढई धूर येऊ लागेपर्यंत तापवावी. न चिकटणाऱ्या मुलाम्याचे भांडे मात्र असे रिकामे तापवू नये, कारण अति उष्णतेने त्या मुलाम्यातून अपायकारक धूर निघतो.

प्रथम थोड्या तेलात फेटलेली अंडी घालून, ती जेमतेम धरताच काढून ठेवावीत. मग भाज्या मोठ्या आचेवर दोन मिनिटे परतून त्याही काढाव्यात. कढई पुन्हा तापू द्यावी. नंतर चमचाभर शेंगदाण्याचे तेल, चिरलेल्या लसणीचा तिसरा हिस्सा आणि लगोलग भाताचा तिसरा हिस्सा घालावा. भात कालथ्याने खालून वर उलथावा, दाबून चिरडू नये. मधून मधून दहा-पंधरा सेकंद त्याला हात न लावता तापू द्यावे. शिते कढईत टणटण उडू लागली की भाज्या व अंडी यांचा त्या घाण्यापुरता हिस्सा, मीठ आणि मिऱ्याची पूड घालावी. सोया सॉस एका घाण्यास एक लहान चमचा पुरे, आणि तो भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडावा, म्हणजे त्यातील पाणी तिथेच उडते आणि वास भाताला लागतो. शेवटी पातीचा हिरवा भाग घालून कढई उतरवावी. तिन्ही घाणे याच क्रमाने करावेत. सोया सॉस खारट असतो, हे ध्यानी ठेवून मीठ बेताने घालावे.

उपाहारगृहातील चवीचे श्रेय पुष्कळजण अजिनोमोटोला देतात. मोनोसोडियम ग्लुटामेट हा तो पदार्थ १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्रशेवाळाच्या रश्शातून वेगळा केला. त्याने चव भरते हे खरे, पण ओला भात मोकळा होत नाही आणि खरपूस वासही येत नाही. अंडे, सोया सॉस व नीट परतलेली भाजी असता त्याची उणीव भासत नाही. वापरावयाचाच झाल्यास चिमूटभर वापरावा आणि तेवढे मीठ कमी करावे.

नाक्यावरच्या ज्वाळेशी घरच्या शेगडीने स्पर्धा करण्याचे कारण नाही. तेथे वेगाने जे होते, ते घरी धीराने होते. सुकविलेला भात, तापलेली कढई आणि लहान घाणा या तीन गोष्टी सांभाळल्या, तर मोठ्या ज्वाळेचा तो धुरकट वास थोडा कमी उतरेल; पण शीत न् शीत मोकळे राहील आणि घरची मंडळी तो भात निर्धास्तपणे खातील. गृहिणीच्या हिशेबात या दोन गोष्टींचे मोल सर्वांत अधिक असते.