बोईसरच्या वर्गात ज्युपिटर, नेटशिवाय

ज्युपिटर नोटबुक ब्राउझरमध्ये उघडतं, म्हणून त्याला इंटरनेट लागणारच, असं वाटतं ना? तसं नाही. ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तुमचाच संगणक. कोड तिथेच चालतो. नेट लागतं ते बसवताना. आणि नेमका तिथेच वर्ग अडतो. सगळे एकदम डाउनलोड सुरू करतात, तास संपतो, पहिली ओळही चालत नाही. जव्हार-विक्रमगडहून बोईसरला आलेल्याचा तर दिवसच गेला!

म्हणून आदल्या दिवशीच ‘पिप डाउनलोड’ने सगळी पॅकेजेस पेनड्राइव्हवर घ्या. मात्र त्या मशीनवरचं विंडोज आणि पायथनची आवृत्ती वर्गातल्यासारखीच हवी, नाहीतर काही फाइली बसतच नाहीत. वर्गात आधी ‘व्हेन्व’ने वेगळं एन्व्हायर्न्मेंट करा, मग पिपला ‘नो-इंडेक्स’ आणि ‘फाइंड-लिंक्स’ सांगून पेनड्राइव्हवरून बसवा. नेटची केबल काढून एकदा चालवून बघा.