कागदी विमान : संग्रहालयातून वर्गात

शिक्षक फळ्यावर गणित लिहीत असावेत आणि पाठीमागून वहीच्या कागदाचे विमान येऊन टेबलावर उतरावे, हा प्रसंग कोणत्याही प्राथमिक शाळेस नवा नाही. वर्गात हशा पिकतो, अपराध्याचा शोध होतो, त्यास उभे केले जाते आणि विमान केराच्या टोपलीत जाते. वहीचे पान फाडले आणि पाठात व्यत्यय आणला, हे दोन्ही दोष खरेच आहेत. त्यांची समज मुलास दिलीच पाहिजे. परंतु त्या कागदाबरोबर विज्ञानाचा एक उत्तम पाठही टोपलीत जातो, हे सहसा ध्यानात येत नाही. ज्या वस्तूबद्दल खेड्यातील मुलास शिक्षा होते, तीच वस्तू जगातील एका थोर संग्रहालयाने मुलांस मुद्दाम बोलावून, हातात देऊन शिकविली आहे. तेथे ती कशी शिकविली गेली आणि तिच्यातून आपल्या शाळेस काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संग्रहालयातील एक दालन

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे स्मिथसोनियन संस्थेचे राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालय आहे. त्याची इमारत १ जुलै १९७६ रोजी लोकांसाठी खुली झाली. प्रवेशास मूल्य नसल्याने आईवडील, आजीआजोबा व मुले अशी सबंध कुटुंबे तेथे येतात. राइट बंधूंचे १९०३ सालचे मूळ विमान तेथे आहे. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग याने ज्यातून न्यूयॉर्क ते पॅरिस हा प्रवास एकट्याने व वाटेत न थांबता केला, ते विमानही तेथे आहे. चंद्रावर पहिली माणसे उतरली त्या १९६९ च्या मोहिमेतील, अंतराळवीरांस पृथ्वीवर परत आणणारे यानही तेथेच ठेवलेले आहे.

अशा ठिकाणी मोठी माणसे पाट्या वाचतात, वर्षे व नावे ध्यानात ठेवतात. लहान मुलांची गोष्ट निराळी असते. काचेपलीकडील वस्तू कितीही मोलाची असली, तरी थोड्याच वेळात मूल आईचा हात ओढू लागते. ज्या वस्तूस हात लावता येत नाही, तिच्याशी त्याची ओळख होत नाही. ही अडचण ओळखून संग्रहालयाने १९९६ साली ‘वस्तू कशा उडतात’ या विषयाचे एक स्वतंत्र दालन उघडले. तेथे शाळेच्या वरच्या वर्गांतील व महाविद्यालयातील विद्यार्थी प्रयोग करून दाखवीत, आणि कागदी विमानांची प्रात्यक्षिके व स्पर्धाही तेथे होत. मुलाने स्वतः कागद घडी करावा, स्वतः फेकावा आणि विमान पडले तर का पडले याचा विचार करावा, अशी ती योजना होती. ज्या इमारतीत चंद्रावरून आलेले यान आहे, तिच्यात एका कागदाच्या घडीसही जागा मिळाली, ही गोष्ट शिक्षकाने विचारात घेण्याजोगी आहे.

भारतातही दिल्लीस पालम येथे वायुदलाचे आणि बंगळूर येथे हिंदुस्थान एरॉनॉटिक्सचे विमान संग्रहालय आहे. तथापि आपल्या गावांतील बहुतेक मुलांस प्राथमिक वयात तेथवर जाणे घडत नाही. संग्रहालयातील मूळ विमान गावात आणता येणार नाही हे खरे. परंतु प्रात्यक्षिकाचे सर्व साहित्य गावात आधीच आहे. त्यास एक पाठकोरा कागद पुरतो.

राइट बंधू व एक शिक्षिका

विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांचे वडील एकदा मुलांसाठी एक खेळणे घेऊन आले. ते बांबू, बूच, कागद व रबर यांचे उडणारे भिरभिरे होते. ते मोडले, तेव्हा मुलांनी तसेच दुसरे करून पाहिले. ऑर्व्हिल प्राथमिक शाळेत असताना बाकावर लाकडाचे तुकडे जुळवीत बसलेला त्याच्या शिक्षिकेस आढळला. काय चालले आहे असे तिने विचारले असता, मी व माझा भाऊ एके दिवशी ज्यातून उडणार आहोत असे यंत्र मी करीत आहे, असे त्याने उत्तर दिले. ही आठवण पुढे त्या शिक्षिकेनेच सांगितली. तिने चौकशी केली व उत्तर ऐकून घेतले, म्हणूनच ती आठवण राहिली.

पुढे या बंधूंनी सायकलींचे दुकान चालविले. १८९९ साली दुकानातील एक रिकामे लांबट पुठ्ठ्याचे खोके हातात पिळता पिळता विल्बरच्या ध्यानात आले, की विमानाचे पंख असेच पिळले तर ते डावीउजवीकडे सावरता येईल. प्रथम त्यांनी ही कल्पना पतंगावर पाहिली. नंतर माणूस वाहून नेणारी, यंत्र नसलेली विमाने केली. १९०१ सालचे असे विमान अपेक्षेपेक्षा फारच कमी उचलले गेले. तेव्हा त्यांनी हार मानली नाही आणि अंदाजाने नवे विमानही बांधले नाही. सुमारे सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी तयार करून, तिच्यात पंख्याने वारा सोडून, त्यांनी पंखांचे सुमारे दोनशे लहान नमुने तपासले व प्रत्येकाची नोंद ठेवली. त्या नोंदींच्या आधारे केलेल्या १९०२ सालच्या विमानातून त्यांनी शेकडो वेळा हवेतून घसरण केली. १७ डिसेंबर १९०३ रोजी यंत्र बसविलेले त्यांचे विमान प्रथम उडाले. ते उड्डाण १२ सेकंदांचे व १२० फुटांचे, म्हणजे सुमारे ३७ मीटरांचे होते. त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणात ते ५९ सेकंद हवेत राहिले व ८५२ फूट गेले.

२०२२ साली अमेरिकेतील तरुण अभियंत्यांनी केलेले एक कागदी विमान सुमारे ८८ मीटर गेले, म्हणजे राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाच्या दुपटीहून अधिक. मुलांस ही दोन अंतरे मैदानावर पावलांनी मोजून दाखवावीत. इतिहासातील एवढी मोठी घटना शाळेच्या अंगणात मावेल इतकी लहान होती, हे पाहून त्यांस नवल वाटल्यावाचून राहणार नाही.

कागद का उडतो?

पाठाचा आरंभ तीन सारख्या कागदांनी करावा. एक तसाच ठेवावा, दुसऱ्याचा बोळा करावा, तिसऱ्याचे विमान करावे. तिन्हींचे वजन एकच आहे, हे मुलांकडून वदवून घ्यावे. नंतर कोणता कसा खाली येईल, असे विचारावे. उत्तरे मिळाल्यावरच कागद सोडावेत. बोळा सरळ खाली पडतो, सपाट कागद डुलत येतो आणि हलकेच पुढे सोडलेले विमान दूर जाऊन टेकते. वजन तेच असता चाल निराळी झाली, तेव्हा फरक आकाराने पडला व आकाराशी हवेचा काही संबंध आहे, इतके मुले स्वतःच सांगतात.

यानंतर एका मुलास हातात पुठ्ठा आडवा धरून पळावयास सांगावे. पुठ्ठा जमिनीस समांतर असता विशेष काही जाणवत नाही. त्याची पुढील कड किंचित वर केली, की तो हातातून वर उचलला जाऊ लागतो. पुठ्ठा हवेस खाली ढकलतो व हवा पुठ्ठ्यास वर ढकलते. विमानाच्या पंखांचे कार्य मूलतः असेच होते. पंख हवेचा प्रवाह खाली वळवितो, पंखाच्या वरच्या बाजूस हवेचा दाब कमी व खालच्या बाजूस अधिक राहतो, आणि पंख वर उचलला जातो.

येथे एका चुकीच्या समजुतीपासून सावध राहावे. पंखाची वरची बाजू फुगीर असल्याने वरच्या हवेस लांबचा रस्ता पडतो, आणि खालच्या हवेस मागील कडेशी वेळेवर गाठण्यासाठी ती वेगाने धावते, असे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी दिलेले आढळते. पंखावरून हवा वेगाने जाते हे खरे. पण दोन्ही प्रवाहांनी एकाच वेळी मागे पोचावे असा निसर्गाचा नियम नाही. कागदी विमानाचा पंख तर सपाटच असतो, तरीही ते उडते. छापील स्पष्टीकरण तपासून पाहण्याचे साधन मुलाच्या हातातच आहे, याहून मोठा विज्ञानाचा धडा कोणता?

कागदी विमानास यंत्र नसते. ते पुढे कसे जाते, असे एखादे मूल विचारील. त्यास उतारावरील सायकलीचे उदाहरण द्यावे. पायडल न मारताही सायकल उतारावर पुढे जाते; त्याचप्रमाणे विमान थोडे थोडे खाली येत हवेतून पुढे घसरते. हाताने दिलेला वेग हवेच्या अडथळ्याने लवकरच सरतो. पुढील प्रवास विमान आपल्या वजनावर करते.

वर्गात करावयाचे काम

विमान सर्वांस ठाऊक असलेल्या घडीचेच असावे. कागद लांबीत दुमडून उघडावा. वरचे दोन्ही कोपरे मधल्या रेषेवर आणावेत. तयार झालेल्या तिरप्या कडा पुन्हा मधल्या रेषेवर आणाव्यात. मधोमध घडी घालून दोन्ही बाजूंस पंख उतरवावेत. नखाने दाबून घड्या पक्क्या कराव्यात. पंख वरून पाहता सारखे आणि समोरून पाहता किंचित वर उचललेले असावेत.

पहिली फेक बहुधा बिघडते, आणि खरा पाठ तेथूनच सुरू होतो. बिघाडाचे प्रकार व त्यांवरील उपाय येणेप्रमाणे :

१. विमान नाकावर आपटत असल्यास पंखांच्या मागील कडा किंचित वर वळवाव्यात. त्यामुळे मागचा भाग खाली दाबला जातो व नाक वर येते.

२. विमान वर चढून, क्षणभर थांबून खाली कोसळत असल्यास नाकाशी कागदाची एक क्लिप लावावी, अथवा मागील कडा वर वळलेल्या असल्यास त्या थोड्या खाली आणाव्यात.

३. विमान एकाच बाजूस वळत असल्यास दोन्ही पंखांची रुंदी व उंची ताडून पाहावी. घडी कोठेतरी वाकडी गेलेली असते.

एका वेळी एकच बदल करावा, हा नियम कटाक्षाने पाळावा. क्लिप लावली आणि कडाही वळविल्या, तर सुधारणा कशाने झाली हे कोणासच सांगता येणार नाही. प्रत्येक बदलानंतर तीन फेकी घ्याव्यात. खडूने आखलेल्या रेषेपासून अंतर मोजावे आणि फळ्यावर चार रकाने करून विमानाचा क्रमांक, केलेला बदल, आधी वर्तविलेला अंदाज व प्रत्यक्ष अंतर लिहावे.

एकशिक्षकी शाळेत हे काम विशेष सोयीचे पडते. पहिली-दुसरीच्या मुलांनी पावले मोजावीत, तिसरीच्या मुलांनी मीटरपट्टीने अंतर घेऊन तक्ता भरावा, चौथीच्या मुलांनी तीन फेकींची सरासरी काढावी. विमान १५० सेंटीमीटर उंचीवरून हलकेच सोडले व ते ६०० सेंटीमीटर गेले, तर उंचीच्या किती पट गेले, अशी उदाहरणे मुले स्वतःच्या विमानावर सोडवितात, तेव्हा भागाकाराचा कंटाळा येत नाही.

काही दक्षता घ्याव्यात. कागद पाठकोरे किंवा जुन्या दिनदर्शिकेचे वापरावेत. वहीचे पान फाडू देऊ नये. नाकाचे टोक थोडे आत दुमडून बोथट करावे, टाचणी लावू नये आणि कोणाच्या तोंडाच्या दिशेने फेकू देऊ नये. वारा असल्यास काम व्हरांड्यात किंवा वर्गात घ्यावे. मुलींस केवळ मोजणीस उभे करू नये. फेकण्याची पाळी सर्वांस सारखी यावी. सर्वांत लांब गेलेल्या विमानाचे कौतुक अवश्य करावे. परंतु आपले विमान का पडले हे ज्याने नेमके सांगितले, त्याचेही नाव फळ्यावर यावे.

समारोप

जे मूल वाचनात मागे आहे आणि वर्गात सहसा तोंड उघडीत नाही, त्याच्याच हाताची घडी पुष्कळदा सर्वांत नीट असते. एरवी कोणी काही न विचारणाऱ्या अशा मुलाभोवती त्या दिवशी चार मुले जमतात आणि त्यास प्रश्न विचारतात. त्यांस उत्तर देता देता त्यास बोलावे लागते आणि तक्त्यात नोंद करण्यासाठी लिहावेही लागते. हा लाभ परीक्षेच्या गुणपत्रकात दिसणार नाही. परंतु शिक्षकास तो दिसल्यावाचून राहणार नाही.

यापुढे पाठीमागून एखादे विमान टेबलावर येऊन उतरले, तर शिक्षकाने पाठात व्यत्यय आणल्याची समज मुलास जरूर द्यावी. विमान मात्र टोपलीत न टाकता टेबलाच्या खणात ठेवावे. दुपारच्या सुट्टीनंतर ते काढून त्या मुलाच्या हातात द्यावे आणि सर्वांसमक्ष विचारावे, की हे इतके सरळ कसे आले, ते आम्हांस सांग.