फड, दप्तर आणि प्राध्यापक

स्थलांतरावरचं पुस्तक हातात आलं की मी आधी ऋणनिर्देश वाचतो. सिद्धान्त पुढच्या पानांत असतोच, तो कुठे जात नाही. ऋणनिर्देशात मात्र बराच ऐवज सापडतो. अभ्यासक कुठल्या विद्यापीठातून कुठल्या विद्यापीठात गेला, पैसे कुणी दिले, गावात तो कुणाच्या घरी उतरला, घरोघर फिरून माहिती गोळा करणारी पोरं कुठली होती, हे सगळं तिथे कळतं. या जुन्या खोडीमुळे एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. माणसं गाव का सोडतात यावर लिहिणाऱ्यांनी स्वतःही बहुतेक वेळा गाव सोडलेलं असतं, आणि त्यांच्या नोकरीचा आकारच त्यांच्या निष्कर्षांना आकार देतो.

स्थलांतराचे ‘नियम’ पहिल्यांदा मांडणारा रॅव्हेनस्टाइन फ्रँकफुर्टचा. लंडनला आला आणि ब्रिटिश युद्धखात्यात वीसेक वर्षं नकाशे काढत बसला. १८८५चा त्याचा प्रसिद्ध निबंध जनगणनेच्या तक्त्यांतून निघाला, आणि ते नकाशे काढणाऱ्या माणसाला शोभेसंच आहे. शेतीतून उद्योगाकडे जाणाऱ्या अमर्याद श्रमपुरवठ्याचा १९५४चा सिद्धान्त मांडणारे आर्थर लुइस कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावरचे. १९७९चं नोबेल त्यांना मिळालं. के. सी. झकारिया मूळ केरळचे. मुंबईच्या लोकसंख्या संस्थेत राहून त्यांनी बृहन्मुंबईतल्या स्थलांतरितांवर पुस्तक लिहिलं, जागतिक बँकेत गेले आणि निवृत्तीनंतर तिरुवनंतपुरमला परतले. विश्रांती घेण्याच्या वयात त्यांनी इरुदया राजन यांच्याबरोबर १९९८चं केरळ स्थलांतर सर्वेक्षण उभं केलं. दहा हजार घरं, आणि त्यावरून केरळबाहेर परदेशात असलेल्यांचा अंदाज सुमारे १३ लाख ६० हजार. त्याच धर्तीवर २००८ साली गोव्याचंही सर्वेक्षण झालं. या तिघांवरही स्वतंत्र लेख होईल. पण माझं मन अडकलं ते चौथ्या माणसात. त्याचं कारण आपल्या खानदेशातून जातं.

यान ब्रेमन, जन्म १९३६. ॲमस्टरडॅमला त्यांनी वेर्टहाइम यांच्या हाताखाली समाजशास्त्र केलं. वेर्टहाइम मूळचे कायद्याचे. डच अमलाखालच्या बटाव्हियात त्यांनी कायदा शिकवला होता आणि परतल्यावर इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली होती. अशा गुरूच्या विद्यार्थ्याने इंडोनेशियात जायचं हे जवळपास ठरलेलंच. पण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू गिनीवरून डच आणि इंडोनेशिया यांचं इतकं बिनसलं होतं, की डच संशोधकाला तिथे दार बंद होतं. म्हणून ब्रेमन आले दक्षिण गुजरातेत. एका बेटाच्या भांडणामुळे आपल्याला फडावरच्या मजुरांचा सर्वांत चिवट अभ्यासक मिळाला.

त्यांनी दोन गावं निवडली. पुस्तकात त्यांना चिखलीगाम आणि गंदेवीगाम अशी टोपणनावं आहेत. विषय होता हाली पद्धत. दुबळा, म्हणजे आजचा हळपती, लग्नासाठी अनाविल ब्राह्मण जमीनदाराकडून कर्ज काढायचा आणि मग जन्मभर त्याच्याच शेतात राबायचा, बायकोसकट. १९७४च्या पुस्तकात ब्रेमन दाखवतात ते असं: हे बंधन सैल झालं तेव्हा मालकाची सांभाळण्याची जबाबदारी तेवढी गेली आणि गरिबी जागच्या जागी राहिली. प्रबंध झाला, पुस्तक निघालं. बहुतेकांच्या आयुष्यात इथे विषय बदलतो, पुढचं अनुदान दुसऱ्या देशासाठी मिळतं. ब्रेमन मात्र त्याच टापूत परत येत राहिले. त्यांना मोठा आधार मिळाला तो सुरतच्या सामाजिक अध्ययन केंद्राचा. ते उभं करणारे आय. पी. देसाई मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्यांचे विद्यार्थी होते. तेव्हा या कहाणीची एक मुळी मुंबई विद्यापीठातही आहे.

परतीच्या या फेऱ्यांत त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. पावसाळा संपला की बारडोलीच्या परिसरातला हळपती गाव सोडतो. मुंबईकडच्या वीटभट्ट्यांवर जातो, मिठागरांवर जातो. आणि त्याच सुमाराला धुळे-नंदुरबारच्या डोंगराकडून माणसांनी खच्चून भरलेल्या मालमोटारी बारडोलीत येतात. ज्या गावातला मजूर कामासाठी बाहेर पडतो, त्याच गावात बाहेरचा मजूर कामासाठी आणला जातो. १९२८च्या सत्याग्रहाने देशभर गाजलेलं बारडोली ते हेच. साराबंदीच्या लढ्यात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तिथे सहकारी साखर कारखाने काढले. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. मग तोडायला खानदेश कशाला?

कारखानदारांचं उत्तर तयार होतं: इथला मजूर आळशी आहे, त्याला हे काम झेपत नाही. १९७८ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त ब्रेमन यांचा बारडोलीच्या कारखान्यांवरचा लेख आला. ऊस आणि मजूर दोन्ही एकाच चरकात पिळले जातात, असं त्याच्या मथळ्यातच होतं. त्यातला युक्तिवाद आपल्याकडे बीड-नगरचा कुठलाही मुकादम दोन मिनिटांत सांगेल, फक्त तो छापणार नाही. बाहेरच्या माणसाला पावसाळ्यातच उचल देऊन बांधता येतं. फडाशेजारच्या पालात तो राहतो, म्हणून गाडी रात्री दोनला आली तरी मोळ्या भरायला उठतो. संपावर जाऊन बसायला त्याला घर नाही, उधार देणारा वाणी नाही, बाजू घेणारा शेजारी नाही. पोटापुरती ज्वारी खावटी म्हणून मिळते, तीही हिशोबातून कापली जाते. खरी मजुरी हंगाम संपल्यावर, म्हणजे मधेच उठून जायची सोय नाही. आणि हंगाम संपला की तो जातो. आजारी पडला, म्हातारा झाला, पोरं शिकली नाहीत, तर ती डोकेदुखी खानदेशची. स्थानिक मजुराला ठेवलं असतं तर तो बारा महिने डोळ्यांसमोर राहिला असता.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात माणूस मजुरी कमी असलेल्या जागेकडून जास्त असलेल्या जागेकडे जातो. इथे दोन माणसं एकमेकांना ओलांडून उलट्या दिशांनी चालली होती, आणि दोघांचीही मजुरी त्यामुळेच कमी राहत होती. लुइस यांच्या सिद्धान्ताला हा जो धक्का बसला, तो एका हंगामाच्या पाहणीतून बसला नसता. हळपती कुठे जातो आणि खानदेशी कुठून येतो, ही दोन टोकं जोडायला आधीची दहा-पंधरा वर्षं त्या टापूत गेलेली असावी लागतात.

१९८५मध्ये ब्रेमन यांनी क्षेत्रकार्याच्या एकतर्फीपणावर एक निबंध लिहिला. नव्या संशोधकाला मी वाचायला देईन तो हाच. गावात शिरताना तुम्ही कुणाच्या ओट्यावर बसता यावर पुढचं सगळं ठरतं. जमीनदार पाहुणचार करतो आणि तुम्ही त्याचेच, असं धरून चालतो. मजुराकडे गेलात की तो दुखावतो. मजूर तुम्हाला मालकाचा पाहुणा समजून गप्प बसतो. मधोमध उभं राहायला ओटाच नसतो.

आता शीर्षकातल्या दप्तराकडे येतो, कारण ब्रेमन यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा गदारोळ गुजरातेत झालाच नाही, तो हॉलंडमध्ये झाला. बारडोलीचा लेख लिहून झाल्यावर १९८०च्या दशकात ते आपल्या देशाच्या वसाहत खात्याची कागदपत्रं चाळत होते. विषय होता सुमात्रा बेटावरचा देली प्रांत. १८६०च्या दशकात तिथे तंबाखूचे मळे सुरू झाले, चिनी आणि जावाच्या कुलींवर ते चालले. १८८०च्या कुली कायद्याने करार मोडणं हा फौजदारी गुन्हा ठरला. काम सोडून पळालात तर तुरुंग. १९०२ साली मेदान शहरातला एक वकील, फान डेन ब्रांड, याने ‘देलीचे कोट्यवधी’ अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका काढून मळ्यांवरची मारझोड, उपासमार आणि बायकांवरचे अत्याचार चव्हाट्यावर मांडले. मळेवाल्यांनी त्याला खोटारडा ठरवलं. सरकारने चौकशीला ऱ्हेमरेव्ह नावाचा सरकारी वकील पाठवला. त्याचा अहवाल १९०४मध्ये तयार झाला. वसाहतमंत्री इडेनबुर्ख यांनी संसदेत त्यातलं काही सांगितलं आणि अहवाल छापला मात्र नाही. मग तो दप्तरात गेला आणि ऐंशी वर्षं तिथेच पडून राहिला.

ब्रेमन यांना तो सापडला. १९८७ साली त्यांनी देलीच्या कुलींवरच्या आपल्या डच पुस्तकाला तो जोडून छापला. त्यातली वर्णनं सरकारी वकिलाने, सरकारच्याच हुकमावरून, साक्षी घेऊन लिहिलेली होती. मारून मारून जीव गेलेले कुली, बांधून ठेवलेल्या बायका, आणि गोऱ्या मॅनेजरांकडे डोळेझाक करणारे अधिकारी. आपली वसाहत इतरांपेक्षा सौम्य होती, अशी समजूत करून घेतलेल्या देशात हे पुस्तक निघालं. वर्तमानपत्रांत खणाखणी झाली. एकतर्फी, भावनेच्या भरात लिहिलेलं, समाजशास्त्रज्ञाने इतिहासात नाक खुपसलेलं, असे आक्षेप आले. पुढे हौबेन आणि लिंडब्लाड या इतिहासकारांनी कामगार निरीक्षकांचे नंतरच्या काळातले अहवाल काढून मांडलं, की मळ्यामळ्यांत आणि दशकादशकांत फरक होता, सरसकट एकच चित्र रंगवू नका.

त्यांचा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. काळानुसार फरक असणारच. पण निरीक्षक जे लिहितो ते मालकाला कळवून दिलेल्या भेटीत लिहितो. कुणी बारडोलीच्या पडावावर रात्री उभं राहिलं असेल, तर मळ्याच्या कचेरीतल्या नोंदवहीवर किती भरवसा टाकायचा हे त्याला वेगळ्या रीतीने कळतं. ब्रेमन यांना जुनी कागदपत्रं वाचता आली ती उसाच्या फडामुळे. आगाऊ पैसे, मधला दलाल, मोसमापुरतं बांधणं, ‘स्थानिक माणूस आळशी’ हा दाखला: १९०४च्या देलीतली सगळी यंत्रणा त्यांनी आधीच जिवंत पाहिलेली होती.

त्यांच्या लिखाणावर माझाही एक आक्षेप आहे. त्यात मजूर सोसतो, झिजतो, कधीमधी चिडतो. हसताना तो फारसा दिसत नाही. अल्पा शाह यांनी २००६ साली झारखंडहून वीटभट्ट्यांवर जाणाऱ्यांबद्दल लिहिलं. काही तरुण पोरं-पोरी भट्टीवर जातात ती गावाच्या नजरेपासून सुटायला, आवडत्या माणसाबरोबर चार महिने काढायला, असं त्यांना आढळलं. ब्रेमनपंथीयांना हे रुचणं कठीण, पण ते खरं असणार. फक्त त्या प्रेमाची किंमतही शेवटी मुकादमाच्याच वहीत लिहिली जाते, हेही विसरू नये.

महाराष्ट्रातलं याच जातीचं एक काम म्हणजे हेमलता दांडेकर यांचं ‘मेन टू बॉम्बे, विमेन ॲट होम’, १९८६. मिशिगन विद्यापीठात नगररचना शिकवणाऱ्या या बाईंनी सातारा जिल्ह्याच्या वाई तालुक्यातलं सुगाव घेतलं. पुण्याच्या गोखले संस्थेने १९४२च्या सुमारास या गावाची पाहणी केलेली होती. त्या जुन्या कागदांवर आपली पाहणी चढवून त्यांनी चाळीस वर्षांचा पट मांडला: मुंबईला गेलेले पुरुष, गिरणीतून येणारा पैसा, आणि शेतीसकट सगळा भार डोक्यावर घेऊन मागे राहिलेल्या बायका. पट १९८२ला संपतो, म्हणजे गिरणी संपाच्या वर्षात. संपकऱ्यांना गावाने किती दिवस पोसलं, हे समजून घ्यायचं तर सुगावसारख्या गावांकडेच जावं लागतं. गावाशी टिकलेलं हे नातं म्हणजे मुंबईच्या कामगाराचा मागासलेपणा नव्हता, ती त्याची लढण्याची ताकद होती, असं केंब्रिजच्या राजनारायण चंदावरकरांनी पुढे ठासून मांडलंच. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दांडेकरांच्या आधी कुणीतरी १९४२मध्ये सुगावची घरं मोजून कागद जपून ठेवले होते.

आज असं कोण करतं? ब्रेमन यांना हॉलंडमध्ये कायमची खुर्ची होती, म्हणून त्यांना बिनकायम माणसांच्या मागे अर्धं शतक फिरता आलं. आजचा संशोधक स्वतःच अठरा महिन्यांच्या प्रकल्पावर असतो. त्यातले सहा महिने अहवालाला जातात, उरलेल्यांत प्रश्नावली. मग पुढचा प्रकल्प, पुढचं शहर, पुढचा विषय: गेल्या वर्षी परदेशातून येणारा पैसा, यंदा हवामानबदल. प्रश्नावली भरून घेणाऱ्या पोराचं नाव ऋणनिर्देशात येतं, मुखपृष्ठावर कधीच नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा विषय २०१९ साली राज्यभर पेटला तो पत्रकारांमुळे. इतक्या प्रबंधांचं पीक येणाऱ्या राज्यात ही विद्यापीठांना शरमेची गोष्ट आहे.

आणि मोजणीचा घोळ वेगळाच. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८मध्ये अल्पकालीन स्थलांतरित म्हणून धरला तो एक महिना ते सहा महिन्यांच्या आत कामासाठी बाहेर राहिलेला माणूस. आकडा आला सुमारे १ कोटी ३६ लाख. प्रिया देशिंगकर आणि शाहीन अख्तर यांचा २००९चा अंदाज १० कोटींचा. एकाच देशातली, जवळपास एकाच वर्षातली हीच माणसं, आणि आकड्यांत सातपटीचं अंतर. पाहणी करणारा दारात येतो तेव्हा घरातलं कुणीतरी ‘आमचा अमुक बाहेर गेलाय’ हे सांगायला हजर लागतं. ऊसतोडीला अख्खं घर जातं, दाराला कुलूप असतं. पुढे, हंगाम लांबून सहा महिने उलटले की ते कुटुंब व्याख्येतूनच बाहेर पडतं.

जनगणनेचंही तसंच. २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, गाळप ऐन भरात असताना. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. राज्यातल्या समाजशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या विभागांनी निदान त्या महिन्यात आपले विद्यार्थी कारखान्यांच्या पडावांवर पाठवावेत, एकेक कोयता, म्हणजे ऊस तोडणारं एकेक जोडपं, नाव-गावासकट लिहून घ्यावा आणि ते कागद फेकून देऊ नयेत.