फुलावरून नव्हे, पानावरून

उंचावरची फुलं : लेखांक 6

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, झाडांची हद्द मागे टाकून वर चढलं की गवताळ उतारांवर पांढऱ्या डेझी दिसू लागतात. या सेल्मिसिया. शेवंती-झेंडूच्या कुळातल्या, वर्षानुवर्षं जगणाऱ्या. साठाहून जास्त जातींपैकी बहुतेक न्यूझीलंडच्याच, थोड्या ऑस्ट्रेलियाच्या डोंगरांतल्या.

फूल बघून मात्र यांतली जात सांगता येणं कठीण. मधोमध पिवळं, भोवती पांढरं, एका दांड्यावर एकच. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच. तिथे उंचावर परागीभवनाचं काम मुख्यतः माश्या आणि छोट्या मधमाश्या करतात. अशा पाहुण्यांना उघडं, पांढरं फूल पुरतं. या वंशाचं सगळं वैविध्य उतरलंय ते पानांत, आणि माझ्या मते खरं सौंदर्यही तिथेच आहे.

सेल्मिसिया सेमिकॉर्डाटा घ्या. माओरी लोक हिला टिकुमू म्हणतात. तलवारीसारखी पानं, 30 ते 60 सेंटीमीटर लांब, वरून चंदेरी. पान उलटं केलं की मागे पांढऱ्या लवेचा दाट थर लागतो, नमद्यासारखा. सोसाट्याचा वारा, रात्रीचं गोठणं, प्रखर ऊन यांत पानातलं पाणी टिकवायला ही लव कामी येते. माओरींनी ती बरोबर हेरली. टिकुमूच्या पानांपासून ते ऊबदार, पाऊस न झिरपणारी वस्त्रं करत.

सेल्मिसिया ट्रॅव्हर्साय या जातीच्या पानामागे हीच लव तांबूस-तपकिरी मखमल होते. ती बेटाच्या उत्तर भागात आढळते आणि थेट दक्षिणेत; मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये नाही. हिमयुगातल्या हिमनद्यांनी मधली वस्ती पुसली, असं एक स्पष्टीकरण आहे. भूभ्रंशामुळे जमीनच सरकत गेली, असं दुसरं. सेल्मिसिया लायलायची पानं इतकी अरुंद, ताठ आणि टोकदार की शेजारी उगवणाऱ्या काटेरी ॲसिफिलाशी गफलत व्हावी. सेसिलिफ्लोरा जमिनीलगत उशीसारखी पसरते आणि तिची फुलं जवळजवळ पानांतच बसतात.

त्यात या जाती एकमेकींशी सहज संकर करतात. दोन जाती शेजारी वाढल्या की मधल्या उतारावर दोघींचे गुण घेतलेली रोपं हमखास सापडतात. लिओनार्ड कॉकेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथल्या रानातल्या संकरांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठं काम केलं, ते अशाच झाडांमुळे.

फुलण्याचंही वेळापत्रक विलक्षण. काही वर्षं तुरळक फुलं, मग एखाद्या वर्षी डोंगरच पांढरा. फुलांत अंडी घालणाऱ्या माश्यांच्या अळ्या बिया फस्त करतात. पण अशा भरघोस वर्षी बिया त्यांना खाऊन संपत नाहीत.

आणि स्पेक्टॅबिलिस! एकोणिसाव्या शतकात मेंढपाळीसाठी टसॉक गवताचे माळ वारंवार पेटवले गेले. जळालेल्या माळावर ही जात उलट वाढली. जुन्या पानांचे घट्ट तळ एकावर एक बसून आतल्या कोंबाला आगीपासून वाचवतात. वर मेंढ्यांना तिची चिवट पानं आवडत नाहीत. त्यामुळे जिथे गवत हटलं, तिथली जागा तिने घेतली.

पुढच्या आठवड्यात ॲसिफिला.