घरचे डॉक्टर (लेखांक ४) : बिनधास्त विचारता येईल असा दवाखाना

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, कुटुंबाच्या डॉक्टरला ‘जीपी’ म्हणतात. त्याचे स्थान आपण मागच्या लेखात पाहिले. हा जीपी घडतो कसा, ते आज पाहू.

वैद्यकीय पदवीनंतर दोन वर्षे ‘फाउंडेशन’ची उमेदवारी आणि पुढे तीन वर्षांचे जीपी प्रशिक्षण, असा हा रस्ता आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रशिक्षण सक्तीचे झाले. यातला मोठा काळ उमेदवार दवाखान्यातच, एका अनुभवी जीपीच्या हाताखाली काढतो. त्या अनुभवी जीपीला ‘ट्रेनर’ म्हणतात.

रुग्णालयात शिकून का भागत नाही? केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या माहितीवरून एक हिशेब मांडला होता. हजार प्रौढांपैकी महिनाभरात सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे होते, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो फक्त १. विद्यार्थी त्या एकाला पाहून शिकतो. दवाखान्यात मात्र त्याच्यासमोर बाकीचे सगळे येतात. त्यांच्यातल्या अनेकांचा आजार अजून पुरता उमटलेलाही नसतो.

सुरुवातीचे दिवस नुसते पाहण्यात जातात. उमेदवार रिसेप्शनवर बसून सकाळी आठला फोन कसे खणखणू लागतात ते ऐकतो, नर्ससोबत बसतो, ट्रेनरबरोबर घरभेटींना जातो. मग स्वतः रुग्ण पाहू लागतो. आरंभी एका रुग्णाला अर्धा तास मिळतो. हात बसत गेला की वेळ कमी करत आणतात. नियम एकच: अडलात तर या.

समजा, पन्नाशीचा एक माणूस पाठदुखी घेऊन आला. उमेदवाराने तपासले, धोक्याचे काही दिसले नाही, पण रुग्णाला एमआरआय हवा आहे. गोंधळलेला उमेदवार ट्रेनरकडे जातो. ट्रेनर विचारतात, “त्यांना स्वतःला काय झालंय असं वाटतंय? आणि आजच का आले?” उमेदवार परत जाऊन विचारतो, तेव्हा कळते की भावाचा कर्करोग असाच पाठदुखीतून उघडकीला आला होता. आता बोलणे त्या भीतीबद्दल होते. निघताना उमेदवार बजावतो, “लघवी अडली, किंवा दोन्ही मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं, तर थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.” मणक्यातल्या नसा दबल्याची ती लक्षणे असतात. अशा आगाऊ सूचनेला जीपी ‘सेफ्टी नेटिंग’ म्हणतात. रॉजर नेबर यांच्या १९८७च्या ‘द इनर कन्सल्टेशन’ या पुस्तकाने ही कल्पना रुजवली.

रुग्ण संपले की दोघे बसून त्या दिवशीचे सगळे रुग्ण एकेक करून चर्चेला घेतात. रुग्णाच्या संमतीने चित्रित केलेल्या भेटीही एकत्र पाहतात. आपण रुग्णाचे बोलणे कुठे तोडले, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. काही ठिकाणी मायकेल बॅलिंट यांनी १९५०च्या दशकात लंडनमध्ये रुजवलेल्या पद्धतीचे गटही भरतात. त्यांत डॉक्टर आपल्याला अस्वस्थ करणाऱ्या रुग्णांविषयी मोकळेपणाने बोलतात.

या सगळ्याचा पाया दवाखान्यातल्या आपुलकीत आहे. जीपीला रोज अर्धवट माहितीवर निर्णय घ्यावे लागतात. “मला कळत नाहीये” असे म्हटल्यावर बोलणी खावी लागणार असतील, तर उमेदवार शंका गिळेल, आणि त्याची किंमत रुग्ण मोजेल. म्हणून ट्रेनरचा सौम्य स्वभाव हा केवळ शिष्टाचार नाही, तो रुग्णाच्या सुरक्षिततेचा भाग आहे.

आपल्याकडेही एमबीबीएसचे शिक्षण मुख्यतः मोठ्या रुग्णालयांभोवतीच फिरते. गल्लीतल्या अनुभवी फॅमिली डॉक्टरजवळचे शहाणपण मात्र बहुधा त्यांच्याबरोबरच निवृत्त होते. त्यांच्या शेजारी तरुण डॉक्टरला रीतसर, पगारी जागा मिळाली पाहिजे. हे काम तातडीचे आहे, आणि त्यासाठी लागणारे शिक्षक आपल्या गावागावांत आजही बसलेले आहेत.

(पुढील आठवड्यात : रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसांसमोर १२-१२ मिनिटांच्या १२ भेटी. जीपीची परीक्षा कशी होते?)