रानपिंगळा दिसला का, बॉस?

डिसेंबर उजाडला की प्रत्येक ऑफिसात एकच चर्चा. उरलेल्या सुट्ट्यांचं काय करायचं? गोवा फुल्ल, महाबळेश्वरला पार्किंग मिळत नाही. मग आमच्या चौघांच्या ग्रुपने जरा हटके प्लॅन केला. गाडी काढायची आणि थेट सातपुड्यात जायचं, रानपिंगळा शोधायला!

रानपिंगळा म्हणजे वीतभर उंचीचं घुबड. पण याची स्टोरी एखाद्या थ्रिलरला लाजवेल अशी आहे. १८८४ मध्ये खानदेशात याचा नमुना गोळा झाला आणि मग हा पक्षी जणू गायबच. रिचर्ड माइनर्त्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने मात्र १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला आपल्याला तो मिळाल्याचा दावा केला होता. त्या नोंदीवर विसंबून लोक पुढे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पामेला रासमुसेन या संशोधिकेने तो नमुना तपासला, तेव्हा कळलं की तो चक्क चोरलेला होता. १८८४ चाच जुना पक्षी, नव्याने भुसा भरून आणि नवं लेबल लावून! तो दावा बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, तब्बल ११३ वर्षांनी!

तर आम्हीही शहाद्याकडे निघालो. मुंबई-आग्रा हायवेने साधारण चारशे किलोमीटर. पहाटे चारला निघालात तर भिवंडीचं ट्रॅफिक जागं व्हायच्या आत कसारा घाट गाठता येतो. धुळ्याला झणझणीत शेवभाजी हाणायची, मग दोंडाईचामार्गे शहादा आणि पुढे तोरणमाळचा घाट. थंडी अशी की मुंबईत कपाटात पडून असलेलं जॅकेट एकदाचं कामी आलं.

पहिल्या संध्याकाळी अंधुक उजेडात सागाच्या फांदीवरून काहीतरी उडालं. आमच्या आयटीवाल्या मित्राने फोटो काढला. फोटोत एक तपकिरी ठिपका. ‘रानपिंगळाच आहे, टाक लिस्टमध्ये!’ तो म्हणाला. पण साधा पिंगळाही तेवढाच दिसतो. साध्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. याच्या पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे असतात, पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र. त्या फोटोत यातलं काही कळत नव्हतं. रात्री जेवताना त्यावर जाम वाद झाला. चारशे किलोमीटर आल्यावर रिकाम्या हाताने परतायचं म्हणजे काय, हे त्याचं म्हणणं. मला तो चोरलेला नमुना आठवत होता. शेवटी ती नोंद केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मित्राने बॅगेतून स्पीकर काढला. रानपिंगळ्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवला की नर आपोआप समोर येतो, असा त्याचा फंडा. आमच्यासोबत आलेल्या गावातल्या दादांनी मान हलवली. ‘नका वाजवू, भाऊ. आता त्याचं अंड्या-पिल्लांचं चालू आहे.’ खरंच आहे ते. ऑक्टोबर ते मे हा याचा विणीचा काळ आणि जानेवारी-फेब्रुवारीत तो ऐन भरात असतो. ढोलीतल्या मादीला नर खाऊ आणून घालतो. आपला स्पीकर वाजला की त्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर शिरलाय. मग शिकार सोडून तो भांडायला येतो. आपल्याला फोटो मिळतो, पण तिकडे मादी-पिल्लं उपाशी. स्पीकर परत बॅगेत गेला.

मग नुसतं बसून राहिलो. अर्धा तास, एक तास. मोबाइलला रेंज नाही, बोलायची परवानगी नाही. ऊन सागाच्या शेंड्यांवर उतरलं आणि दादांनी बोट दाखवलं. एका बोडक्या फांदीवर अंग फुगवून तो ऊन खात बसला होता. हा दिवसा वावरणारा पिंगळा. डोकं बिनठिपक्यांचं, पोट पांढरं, शेपटी मध्येच झटकत होता. साताठ मिनिटं थांबला आणि गेला. मित्राने यावेळी कॅमेरा उचललाच नाही, दुर्बिणीतूनच बघत राहिला.

आज जगात प्रौढ रानपिंगळे हजाराच्याही आत असल्याचा अंदाज आहे. २०१८ पासून आययूसीएनच्या यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. जंगल तुटतं, जुनी झाडं जातात, तशा त्याच्या ढोल्याही जातात.

तुम्हालाही जायचंय? मग वनखात्याची परवानगी काढा, गावातला माणूस सोबत घ्या, भडक कपडे टाळा आणि स्पीकर घरीच ठेवा. रजा नाही? मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवरच्या तानसा अभयारण्यातही २०१४ मध्ये रानपिंगळा सापडलाय. दिसला तर पार्टी. नाही दिसला, तर वहीत ‘दिसला नाही’ असं लिहा. तीही नोंदच आहे!